भोकाडाचं मूळ कारण

हिंजवडीत मुलांना मार बसत नाही याचं पहिलं कारण म्हणजे मारायला घरात कुणी नसतं. आई फेज टूला, बाप फेज थ्रीला. ऑफिसातून सुटलेली ही माणसं माण रस्त्याने, लक्ष्मी चौकातून, नाहीतर गुगलने दाखवलेल्या कुठल्याशा शेतातून घरी पोचतात, तेव्हा हात वर करून पंखा लावायचं त्राण त्यांच्यात उरलेलं नसतं. तो हात पोरावर कुठून उगारणार? दुसरं कारण असं, की मारायचं नाही हे आता ठरलेलंच आहे. शाळेच्या ॲपवर ठरलंय, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये अधूनमधून भरणाऱ्या पालकत्वाच्या कार्यशाळेत ठरलंय, आणि कायद्यात तर केव्हाच ठरलंय.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. लागू झाला १ एप्रिल २०१० ला. तारीख बघून आमच्या पिढीतल्या बऱ्याच गुरुजींना ती थट्टाच वाटली असणार. पण त्याचं कलम १७ चांगलं स्पष्ट आहे. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक त्रासही द्यायचा नाही, आणि जो कुणी देईल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे शिस्त मोडली म्हणून ज्याला रीतसर शिक्षा होऊ शकते असा शाळेत आता एकच प्राणी उरला, गुरुजी.

हे सगळं ठरत असताना आम्हाला कुणी विचारलं नाही. आम्ही म्हणजे नातवंडं सांभाळायला गावाहून आणलेले आजी-आजोबा. धोरण तिकडे ठरतं, अंमलबजावणी आमच्याकडे येते. दुपारी शाळेची बस यायच्या वेळी आम्ही गेटजवळच्या बाकावर बसतो. बस वेळेवर येत नाही, त्यामुळे सभा लांबते. त्या एका बाकावर अख्खा महाराष्ट्र असतो. लातूर, सांगली, जळगाव, चिपळूण, आणि भोसरीचा मी. राजकारणावर बोलायचं नाही असा आमचा अलिखित करार आहे, कारण एकदा बोललो होतो. तेव्हा उरला एकच विषय, आम्ही खाल्लेला मार.

त्या आठवणी निघाल्या की बाक तरुण होतो. लातूरकरांच्या गुरुजींकडे निरगुडीचा फोक असायचा, आणि तो तोडून आणायचा मान ज्याला मार बसणार त्यालाच मिळायचा. सांगलीकरांच्या शाळेत वेताची छडी. तिला तेल पाजून ठेवत. चिपळूणकरांचे मास्तर बोटं उलटी ठेवायला लावून रूळ हाणायचे, तोही कडेने. जळगावच्या आजींना मार नव्हता, पण अंगठे धरून ओणवं उभं राहून त्यांनी आख्खी बाराखडी ऐकली आहे. आमचे हेडमास्तर डस्टर फेकायचे आणि त्यांचा नेम चुकल्याचं ऐकिवात नाही. सगळ्या कहाण्यांचा शेवट मात्र ठरलेला. पाठ ताठ करायची, समोरच्या टॉवरकडे बघायचं आणि म्हणायचं, "म्हणून तर घडलो!"

मी आयुष्य काढलं ते भोसरी एमआयडीसीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. त्यामुळे कुणी काही ठासून सांगितलं की रेकॉर्ड मागायची खोड आहे. एके दिवशी विचारलं, "ते सगळं खरं, पण मार खाल्ला कशाबद्दल?" बाक गप्प. लातूरकरांना फोक आठवत होता, कारण आठवत नव्हतं. सांगलीकरांना छडीवरच्या गाठीसुद्धा आठवत होत्या. एकट्या चिपळूणकरांना कारण आठवलं, कारण ती कैरी त्यांनी पाडलेलीच नव्हती! इतक्या वर्षांनी मार पाठ आणि धडा साफ विसरलेला.

याचं आम्हाला कारखान्यात कधी नवल वाटलं नसतं. मी लागलो त्या काळी जॉब रिजेक्ट झाला की सुपरवायझर आधी ऑपरेटरच्या खानदानाचा उद्धार करायचा, मग मेमो, मग अर्ध्या दिवसाची कापाकापी. त्याने माल खराब व्हायचा थांबला नाही. खराब माल लपवायचा कुठे, हे मात्र लोक पक्कं शिकले. भंगाराच्या पिंपात तळाशी, कूलंटच्या टाकीत, आणि एकाने तर जेवणाच्या डब्यातून घरी नेलेला. पुढे जपानी पद्धती आल्या. गुणवत्तेचे गुरू डेमिंगसाहेब, त्यांची १४ सूत्रं भिंतीवर लागली. त्यातलं आठवं सूत्र म्हणजे कामाच्या जागेवरून भीती हाकलून द्या. वाचून आमचा सुपरवायझर हसला होता. पण मग व्हाय-व्हाय सुरू झालं. चूक झाली की 'कुणी केली' ऐवजी 'का झाली' असं विचारायचं, आणि उत्तर आलं की त्यालाही पुन्हा 'का', असं पाच वेळा. आणि काही दिवसांनी ऑपरेटर स्वतःहून खराब पीस हातात घेऊन यायला लागले, "साहेब, हे बघा, फिक्स्चरची पिन झिजलीय." पिन झिजत होती पहिल्यापासून. शिव्या ऐकून ती काही लांब झाली नव्हती.

हे ज्ञान चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात आज कुठल्याही ट्रेनीला आहे. कंपनीच्या गेटातून बाहेर पडताना तो ते पंचिंग मशीनपाशी ठेवून येतो, आणि घरी पोराने पाणी सांडलं की पहिला प्रश्न 'कुणी सांडलं?'

आमच्या घरी तसं नाही. मुलगा-सून दोघं वाचून, ऐकून, ठरवून आईबाप झालेले आहेत. नात पहिलीत. तिला 'नाही' म्हणायचं नसतं, पर्याय द्यायचे असतात. सूनबाई विचारतात, "निळा फ्रॉक घालतेस की पिवळा?" नात म्हणते, "नाइट ड्रेस." सूनबाई पुन्हा, शांतपणे, "निळा की पिवळा, यातलं ठरव." नात त्याहून शांतपणे, "मी ठरवलंय." दोघींचा आवाज चढत नाही. खाली बसचा हॉर्न मात्र चढत जातो.

मग तक्ता आला. फ्रिजवर, चुंबकाने लावलेला. दात घासले, एक स्टार. दप्तर भरलं, एक स्टार. १० स्टार झाले की आइस्क्रीम. पहिले काही दिवस घरात रामराज्य होतं. मग एका सकाळी मी नातीला म्हटलं, "बाळा, माझा चष्मा देतेस?" ती जागची हलली नाही. म्हणाली, "आबा, आणून दिला तर किती स्टार?" आदल्या आठवड्यापर्यंत हाच चष्मा ती पळत आणून द्यायची, वर काचा फ्रॉकला पुसून.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली नेमकं हेच छापून ठेवलंय. चित्रं काढायची हौस असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं की सोनेरी शिक्क्याचं, रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, प्रशस्तिपत्रं घेतली. पण दोनेक आठवड्यांनी मोकळ्या वेळात स्केचपेन समोर ठेवली, तेव्हा या मुलांनी बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांवर घालवला. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं ती मुलं आपली रंगवत बसली होती. हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आमचं ॲप्रेझल असंच चालतं." मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, "आणि आम्हीही असेच झालोय."

तक्ता गेला आणि विचार करायची खुर्ची आली. चिडचिड केली की पाच मिनिटं तिच्यावर बसून विचार करायचा. ही शिक्षा नव्हे हं, असं आम्हाला बजावलेलं. पूर्वी त्याला 'कोपऱ्यात उभा राहा' म्हणत, आता बसायला मिळतं, एवढी सुधारणा मान्य करायला हवी. नातीने पाच मिनिटं बसून खरोखर विचार केला. उठून म्हणाली, "विचार केला. मला अजून राग आलाय. आणि आता खुर्चीचा पण आलाय." मला तिचं कौतुक वाटलं. ऑडिटमध्ये इतकं प्रामाणिक उत्तर मी ऐकलेलं नाही.

मूळ कारणापर्यंत जायचं म्हणजे काय, हे मी आमच्या लिफ्टमध्ये पाहिलं. संध्याकाळची वेळ. अकराव्या मजल्यावरचे एक गृहस्थ आणि त्यांचा चारेक वर्षांचा मुलगा आत शिरले, मी मागे. दार मिटलं आणि मुलाने जे भोकाड पसरलं, ते वरच्या टाकीपर्यंत गेलं असेल. रडता रडता त्याने हाताला येतील ती सगळी बटणं दाबली. बाप हाडाचा सज्जन. लॅपटॉपची बॅग खांद्यावरून घसरत असतानाही तो गुडघ्यावर बसला, डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणले आणि म्हणाला, "मला दिसतंय, तुला खूप राग आलाय." मुलगा म्हणाला, "हो," आणि पी-टू दाबलं. "राग येणं ठीक आहे," बाप म्हणाला. "हो," म्हणून मुलाने पी-वन दाबलं.

तिसऱ्या मजल्यावर बिर्याणीची पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला आत आला. चौथ्यावर कुत्रं आणि बाई. मुलाच्या भावनांचा आदर राखत सगळे गप्प उभे. कुत्रंसुद्धा. पाचव्यावर साफसफाईच्या मावशी बादली-पोछा घेऊन शिरल्या. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळा, मला सातव्यावर जायचंय. सात कुठंय रे? माझा चष्मा नाही." भोकाड तिथल्या तिथे थांबलं. मुलाने नाक ओढलं, सात शोधला, दाबला. "आन् या दादाला?" मुलगा डिलिव्हरीवाल्याकडे वळला, "तुला किती?" नऊ. कुत्र्यालाही विचारून झालं. पुढे एकच पंचाईत झाली, अकरावा आला तरी लिफ्टमन ड्यूटी सोडायला तयार होईना.

बापाने सातव्यावर मावशींना अगदी मनापासून विचारलं होतं, "मावशी, हे तुम्ही कुठे शिकलात?" मावशी म्हणाल्या, "काय?"

खोड जात नाही म्हणून मी वर जाता जाता व्हाय-व्हाय करून टाकलं. मुलगा का रडला? बटण त्याला दाबायचं होतं, ते बाबाने दाबलं. बाबाने का दाबलं? घाई होती. घाई का होती? साडेसातचा कॉल होता. कॉल साडेसातलाच का? अमेरिकेत तेव्हा सकाळ होते. अमेरिकेत तेव्हाच सकाळ का होते? पृथ्वी फिरते म्हणून. आता पृथ्वी फिरते त्याबद्दल पोराला धपाटा घालण्यात काय अर्थ आहे?

क्लबहाऊसच्या कार्यशाळेत या सगळ्याला सायबाची नावं असतात. स्लाइडवर एकामागून एक परदेशी पुस्तकं येतात आणि आमचा बाक कुजबुजतो, "अमेरिकेची थेरं." इथे मात्र आमच्या बाकाचं चुकतं. ही थेरं असतील तर ती भावनगरची आणि डहाणूची आहेत. गिजुभाई बधेका हे चांगले वकील. त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं आणि त्यात मार बंद, धाक बंद. गुजरातेत त्यांना लोक मिशीवाली आई म्हणत. त्यांच्यासोबत काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

तिथे प्रश्न होता तो वारली पाड्यांवरची मुलं शाळेत न येण्याचा. आमच्या हेडमास्तरांनी डस्टर घेऊन पाडा गाठला असता. ताराबाईंनी विचारलं, का? मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. आज गावोगाव दिसणारी अंगणवाडी तिथली. मुली येत नाहीत, का? कडेवर धाकटं भावंड असतं. मग शाळेला जोडून पाळणाघर. मोठी मुलं येत नाहीत, का? गुरं चारायला जातात. मग गुरं चरतात त्या कुरणातच शाळा, तिचं नाव कुरणशाळा. मुलांचं वागणं बदलायला गेलेल्या या बायकांनी प्रत्येक वेळी शाळेचंच वागणं बदललं. आमच्या कारखान्यात याला प्रोसेस करेक्शन म्हणतात आणि त्याबद्दल ढाल देतात. पुढे कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन-आनंद विद्यालय काढलं, तेही याच वाटेवरचं. लीलाताई कादंबरीकार ना. सी. फडक्यांच्या कन्या. वडील पुस्तकांतल्या माणसांचे हट्ट पुरवत, मुलीने खऱ्या मुलांचे हट्ट समजून घेतले.

आपली गंमत अशी, की हे सगळं आपल्या घरचं असून आपल्या तोंडी राहिली ती छडी. छडीचं आणि विद्येचं सूत जुळवून देणारं ते लोकप्रिय गाणं कुठलं? अत्र्यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई' चित्रपटातलं! मराठीतल्या सगळ्यात मायाळू आईच्या सिनेमातून आपण नेमकं तेवढं उचललं आणि गॅदरिंगमध्ये नाचवलं.

मारायचं नाही म्हणजे अडवायचं नाही, असाही एक गोड गैरसमज टॉवर-टॉवरमध्ये आहे. परवा बेसमेंटच्या उताराकडे एक पोरगं सुसाट पळालं. त्याची आई मागून "आपण बोलूया का याविषयी?" म्हणत होती आणि खालून गाडी येत होती. जळगावच्या आजींनी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं, घट्ट. पोरगं लोळलं, ओरडलं, आजींना चावायचाही प्रयत्न करून झाला. आजींनी हात सोडला नाही, धपाटा घातला नाही आणि भाषणही केलं नाही. "रड बाबा. गाडी गेली की सोडते," एवढंच. गाडी गेली, सोडलं. पद्धत म्हणावी तर एवढीच आहे. फक्त ती करायला माणूस तिथे हजर लागतो आणि त्याला वेळ लागतो. छडीचं खरं आकर्षण तेच होतं. तीन सेकंदांत काम आटपायचं. शाळेतही भांडलेल्या दोन पोरांना समोरासमोर बसवून दोघांचं ऐकायचं म्हटलं तर बाईंची अर्धी तासिका जाते, आणि उरलेली पोरं तेवढ्यात तिसरं भांडण तयार ठेवतात. या बाईंना मी डेमिंगपेक्षा मोठं मानतो. त्यांच्याकडे चाळीस ऑपरेटर आणि एकालाही पगार नाही.

स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारायला बंदी घातली, जगात पहिल्यांदा. आणि घरोघरी कळावं म्हणून दुधाच्या खोक्यांवर ते छापलं. आपल्याकडे पिशव्यांवर छापायला हरकत नाही, पण आपण पिशवीचा कोपरा कापून दूध पातेल्यात ओततो ते वाचून नव्हे, डोळे मिटूनच. शिवाय बाकाचा आक्षेप राहतोच, मार नसेल तर पोरं मोठेपणी कायदा पाळतील का?

या प्रश्नाचं उत्तर मला मुलाच्या गाडीत बसून मिळालं. म्हणजे दिलं नातीने. शनिवारी आम्ही भूमकर चौकाकडे निघालो होतो. रांग हलेना. डाव्या बाजूने दुचाक्या फुटपाथवर चढल्या होत्या. समोरून, म्हणजे ज्या बाजूने कुणी येणं शक्यच नाही त्या बाजूने, एक मोठी गाडी दिवे लावून अंगावर आली. आत माझ्या वयाचे एक भारदस्त गृहस्थ.

"आबा, ते उलट्या बाजूने का येतायत?"

"घाई असेल."

"त्यांना कुणी काही करत नाही?"

"पोलिस असला तर पावती फाडतो."

"आणि पोलिस नसला तर?"

मी काही बोललो नाही. पुढे चौकात पोलिस उभा होता. तिथे सगळी वाहनं पांढऱ्या पट्ट्याच्या मागे, सालस. पोलिस चहाला बाजूला झाला आणि चौकात पुन्हा जत्रा. ही सगळी फोकाने, रुळाने, डस्टरने घडलेली पिढी. सिग्नलला थांबायचं असतं हे तिला कुणी कधी समजावलंच नव्हतं. मारणारा बघतोय की नाही ते बघायचं, एवढंच ती चोख शिकली आहे.

दुसऱ्या दिवशी बाकावर हे सांगितलं. सांगलीकर म्हणाले, "मग आता या वयात आम्ही काय करायचं?" मी त्यांना कारखान्यातली माझी एक तपासणी सांगितली. पोरावर आवाज चढवायच्या आधी एक सेकंद थांबायचं आणि डोळ्यांसमोर आपला साहेब आणायचा. हाच चहा साहेबाच्या हातून आपल्या पँटवर सांडला असता तर आपण काय म्हटलं असतं? "असू द्या, असू द्या," म्हणत आपणच रुमाल काढला असता. साहेब मीटिंगला उशिरा आला तर त्याला कुणी अंगठे धरायला लावलेलं नाही. साहेबाने तेच वाक्य चौथ्यांदा सांगितलं तरी आपण मान डोलावतो. तेवढाच मान, तेवढाच रुमाल, साडेतीन फुटांच्या माणसाला द्यायचा. जमलं तर ठीक. नापास झालात तरी घाबरू नका, मारणार कुणी नाही. उद्या पुन्हा बसायचं.